हवेत थांबलेले गुद्दे

बारशात आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, की बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. काल माझ्या नातवाच्या बारशाला लेकीनं पाळण्यावर वाकून "मृदुल" म्हटलं, आणि सगळे गुद्दे हवेतच थांबले.

"अगं बाई, मुलगा ना तो?" कुणीतरी म्हणालं.

नाव सुनेनं हौसेनं निवडलेलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मला धडकीच भरली, पोरीचा आनंद आता नासतोय म्हणून.

मुलग्यांना आपण नावं अशी देतो, जणू उद्याच लढाईला निघायचंय. आमच्या ह्यांचं नाव रणजित. पाल दिसली की पलंगावर चढतात.

तेवढ्यात थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मऊच तर आहे पोर! थांबलात काय, मारा गं!" पहिला गुद्दा त्यांनीच घातला. मग धपाधप बसले, सून हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

खरं सांगू? मलाही ते नाव जडच जात होतं. बारा दिवस मी नुसतं बाळ-बाळ करत होते. काल संध्याकाळी मात्र मांडीवर घेऊन त्याला मृदुल म्हणून हाक मारली, आणि जीभ कुठंच अडखळली नाही.