कॅमशाफ्टवरचं कुंकू

आधी चहा घ्या, कारण हे सांगताना माझा घसा कोरडा पडतो. आयुष्यात मी इंजिन एकदाच खोललं. एकदाच! पण त्या एकदाचं अजून मला पुरलंय.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल. हुबळीच्या दाजीबानपेठेत आमचं कापडाचं दुकान, घर तिथल्याच केशवापुरात. अप्पांची शंभर सीसीची मोटारसायकल. अप्पा तिला इतकं जपायचे, की मी नुसता सीटवर हात ठेवला तरी 'काय रे?' म्हणायचे. दर दसऱ्याला त्याच गाडीवरून ते बन्नीची पानं घेऊन अळणावरला जायचे, माझ्या आत्याकडं. तुमच्याकडं आपट्याचं सोनं, आमच्याकडं बन्नी. आत्या त्यांच्याहून मोठी, गुडघ्यांनी घरात बसलेली. भाऊ आल्याशिवाय ती दसऱ्याचं जेवायची नाही. अप्पाही हा नेम कधी चुकवायचे नाहीत.

त्या वर्षी नेमकं दसऱ्याच्या तोंडावर गाडीचं इंजिन टकटक वाजायला लागलं. आमचे मौलासाब मेस्त्री कान लावून म्हणाले, "कॅमशाफ्ट झिजलीय. पण आत्ता सोडा. पूजेच्या आधी सगळं हुबळी माझ्याच दारात गाड्या घेऊन उभं हाय. दसरा झाल्यावर करू. तवर चालतीय."

चालतीय म्हणाले ना? मग गप बसायचं की नाही? पण मी मेस्त्रींच्या स्टुलावर बसून दोनदा इंजिन उघडताना पाहिलं होतं. दोनदा! एवढं शिक्षण झाल्यावर माणूस गप कसा बसेल?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुकानात सणाची ही गर्दी. मी 'जरा जाऊन येतो' म्हणून सटकलो, नवी कॅमशाफ्ट घेतली आणि घरच्या अंगणात वर्तमानपत्र पसरून बसलो.

कॅमशाफ्ट म्हणजे फार काही नाही हो. इंजिनाच्या डोक्यात एक आखूड दांडा असतो, तो झडपा उघडतो नि मिटतो. त्याला एक दातेरी चाक, चाकावर साखळी, ती खाली पिस्टनच्या दांड्याला जोडलेली. वरचं नि खालचं बरोबर जुळलं पाहिजे. एक दात इकडचा तिकडं झाला तरी झडपा भलत्याच वेळी उघडतात.

हे मला माहीत होतं. म्हणूनच चाक काढायच्या आधी मी दुकानातल्या लाल खडूनं चाकावर नि साखळीवर खूण केली. स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की खूण दाखवायला आईलाच हाक मारली. ती म्हणाली, "बघ बाबा, ह्यांना परवा अळणावरला जायचंय."

"अगं, परवा काय, उद्या उडेल गाडी!" मी म्हणालो. ती आत गेली आणि मी दुकानात परतलो. रात्री अप्पांनाही सांगून टाकलं, दसऱ्याला गाडी तयार मिळेल.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आंघोळ करून अंगणात येतो तर काय? आईनं वर्तमानपत्रावरच्या एकूणएक वस्तूला हळदकुंकू लावलेलं! पान्यांना, स्क्रू-ड्रायव्हरला, जुन्या कॅमशाफ्टला, नव्या कॅमशाफ्टला, इंजिनात लोंबणाऱ्या साखळीला, दातेरी चाकाला. चाकाला तर पाच बोटं. रॉकेलच्या डब्यालासुद्धा एक बोट नि वर झेंडूचं फूल.

"आई! माझी खूण कुठं गेली?"

"कसली खूण? आज आयुधपूजा न्हवं? हत्यारं पुजली मी."

सगळीकडं लालच लाल. त्यातलं सगळ्यात गडद लाल ती माझी खूण, असं मी ठरवलं आणि जोडून टाकलं.

पहिली कीक मारली. कीकनं उलटी माझ्याच नडगीवर मारली! दुसऱ्या कीकला सायलेन्सरमधून असा बार निघाला, की शेजारच्या अक्का 'एन आतु?' करत बाहेर आल्या. काय झालं ते मला तरी कुठं कळत होतं? प्लग काढून पुसला. प्लग बदलला. पेट्रोल ओतून दुसरं भरलं. कार्बोरेटर उघडून फुंकला, तोंडभर पेट्रोल गेलं. गाडी एकदा धडधडली, खोकली आणि बसली. थोडक्यात काय, जे बरोबर होतं ते सगळं मी दुरुस्त केलं.

दसऱ्याच्या सकाळी अप्पा धुतलेलं धोतर नेसून, बन्नीची पानं रुमालात बांधून अंगणात आले.

"काय रे, झाली?"

आणि मी, पंचवीस वर्षांचा घोडा, आईकडं बोट केलं. "आईनं कुंकू लावून सगळा घोळ केला. खूणच गेली माझी."

अप्पांनी आईकडं पाहिलं. आई पदराला हात पुसत म्हणाली, "चुकलंच माझं. मला कळायला पाहिजे होतं."

अप्पा बसनं गेले. सणाची गर्दी, धारवाडला गाडी बदलायची, त्यात पुढची बस चुकली. ते पोचले तेव्हा दिवे लागले होते. आत्या तोवर उपाशी बसून होती, आणि आमच्या घरी आईही जेवली नव्हती. मी मात्र जेवलो होतो. होळग्या होत्या, म्हणजे तुमच्या पुरणपोळ्या, चार खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मौलासाब घरी आले. इंजिन बघून म्हणाले, "एन माडीरी इदन्ना?" हे काय करून ठेवलंत, म्हणाले. मी पुन्हा कुंकवाची कथा सुरू केली. त्यांनी फडक्यानं ते चाक स्वच्छ पुसलं आणि माझ्यापुढं धरलं. पोलादावर बारीक गोल ठसा.

"खूण कंपनीनंच करून दिलीय की. खाली पण अशीच हाय. दोन्ही जुळवायच्या, झालं. तुमचा खडू कशाला?" मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "चाक काढल्यावर कीक मारलासा काय?"

आता खरं सांगतो. मारली होती. त्या पहिल्याच दिवशी, आई आत गेल्यावर, पिस्टन कसा हलतो बघू म्हणून. एकदा नाही, तीनदा. खालचं सगळं तेव्हाच फिरलं होतं, सैल साखळी खालच्या दातांवरून घसरली होती. माझी खूण जशीच्या तशी राहिली असती तरी गाडी चालली नसती.

"मारली," मी हळूच म्हणालो.

"मग आईसाबांच्या कुंकवाला कशाला बोल लावतासा?"

अर्ध्या तासात त्यांनी जोडून दिली. पहिल्या कीकला चालू! मग आई चहा घेऊन आली. तिच्या हातचा चहा कधी गार नसतो, त्या दिवशी होता.

रात्री जेवताना अप्पांनी विचारलं, "शेवटी काय निघालं रे?"

आई भाकरी वाढत होती. मी ताटात बघत म्हणालो, "काही नाही, कुंकू गेलं होतं साखळीत."

आईनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. ती भाकरी मला आजही आठवते.

त्यानंतर दर खंडेनवमीला आई ताट घेऊन गाडीपुढं यायची, थांबायची आणि मला विचारायची, "लावू काय रे? काय बिघडत नाही न्हवं?" मी म्हणायचो, "लाव की." आणि मान फिरवायचो. दहा-बारा वर्षं असंच. अप्पा गेले, तेही ते कुंकवाचंच खरं समजून गेले. ते मला फार लागतं.

ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या खंडेनवमीला तिनं पुन्हा विचारलं, "लावू काय रे?" आणि मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. कीक, ठसा, ताटातलं खोटं, सगळं.

आई शांतपणे म्हणाली, "माहीत हाय की मला. मेस्त्री विचारत होते तवा चहा घेऊन दाराआडच उभी होते मी."

"मग अप्पांना का सांगितलं नाहीस?"

"ते तू सांगायचं होतंस."

"आणि दरवर्षी 'लावू काय' विचारायचीस ते?"

"तू कधी सांगतोस ते बघत होते."

मग तिनं कुंकवात बोट बुडवलं, गाडी सोडून माझ्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, "हलू नकोस. ही तरी खूण नीट राहू दे."