ताईनं दिलेली किडनी

आई गेली तेव्हा धाकटा भाऊ चार वर्षांचा होता आणि ताई पंधराची. शाळा सोडून ती शिवणयंत्रावर बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "आधी याला मार्गी लावते." लावलंही. तो गाड्यांचा मेकॅनिक झाला, त्याचं लग्न झालं, आणि एकतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले.

"माझी घ्या," ताई म्हणाली. जुळणी निम्मीच होती, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल.

ऑपरेशननंतर धाकटा चेष्टा करायचा, "ताई, आता तुझ्या माघारी कुरकुरायचीही सोय नाही. तू आतूनच ऐकशील!" सात महिने तो गॅरेजात गेला. गोळ्यांची एक वेळ त्यानं चुकवली नाही. आठव्या महिन्यात पाय सुजले.

डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून समजावलं. "पांढऱ्या पेशींवर रिसेप्टर असतात. ते दुसऱ्या पेशीच्या अंगावरची खूण तपासतात. खूण अनोळखी निघाली की आत इशारा जातो, पेशी जागी होते, तिच्यासारख्या हजारो तयार होऊन हल्ला करतात. गोळ्या तो इशारा दाबून ठेवतात. याच्या बाबतीत त्या कमी पडल्या."

"म्हणजे माझी किडनी परकी ठरली?"

"शरीराला नाती कळत नाहीत हो."

"घास भरवून वाढवलाय मी त्याला," ताई म्हणाली. जणू हे त्या पेशींना सांगायचं कुणाच्या तरी हातून राहून गेलं होतं.

मग जालीम औषधं सुरू झाली. त्यांनी हल्ला थांबला नाही, पण अंगातली उरलीसुरली ताकद मात्र गेली. साध्या खोकल्याचा न्यूमोनिया झाला.

"ताई, तुझी फुकट गेली गं," तो धापा टाकत म्हणाला.

"गप रे. सात महिने गॅरेजात गेलास ना? मग फुकट कशी?"

दोन दिवसांनी तो गेला.

भावजय माहेरी गेली नाही. ती काजं-बटणं करते, ताई मशीन चालवते. एकदा ताईला ताप आला तेव्हा भावजय घाबरून म्हणाली, "वन्सं, जपा हो. एकाच किडनीवर आहात तुम्ही."

ताईनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "तीही दिली असती गं. घेतली असती का पण त्यानं?"