गरम पाण्याने तूप जात नाही

मोकाशीकाका कुणाच्याही घरी गेले की बूट काढून आधी स्वयंपाकघरात जात आणि सिंकवर वाकत. नमस्कार, तब्येतीची चौकशी, थंडीच्या तक्रारी, सगळं त्यानंतर. ईडन प्रेरी ह्या अमेरिकेतल्या गावात आम्ही घर घेतलं त्या पहिल्याच आठवड्यात ते आणि काकू डब्यात नारळाच्या वड्या घेऊन आले. काकूंनी डबा माझ्या हातात दिला तोवर काका सिंकपाशी पोचले होते. दोन्ही हात ओट्यावर टेकवून, डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. माझी मुलगी रेवा तेव्हा सहा वर्षांची होती. ती मोठ्याने म्हणाली, "आई, व्हाय इज ही स्मेलिंग अवर सिंक?"

"बिकॉज इट इज टेलिंग मी समथिंग," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "आधीच्या लोकांनी यात बटाट्याची सालं घातलीत. आणि तू काल आमटी ओतलीस."

मी ओतली होती.

"देवाकडे नवरा मागितला, त्याने मोरीचा इन्स्पेक्टर पाठवला," काकू म्हणाल्या. "अहो, निदान तिला 'बसा' तरी म्हणू द्या."

काकांनी सगळी नोकरी पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात केली होती. निवृत्त झाल्यावर गावातल्या मराठी घरांच्या सिंकची त्यांनी स्वतःच जबाबदारी घेतली. एक निळी बादली, एक पाना, जुने टूथब्रश आणि बाटली धुवायचा लांब ब्रश एवढंच त्यांचं सामान. माझ्या सिंकमध्ये मी लिंबाच्या साली टाकून पाहिल्या होत्या, मग खायचा सोडा आणि व्हिनेगर. ते ऐकून काका हसले. "ती दिवाळी झाली. फेस बघायचा, टाळ्या वाजवायच्या. घाण आहे तिथेच." त्यांनी आधी सिंकखालच्या, खरकटं दळणाऱ्या यंत्राची वीज बंद करायला लावली आणि सिंकच्या तोंडाशी असलेली रबरी झडप उलटी करून दाखवली. वरून ती चकचकीत होती. खालच्या बाजूला बोटभर काळा चिकट थर. "वरून सगळेच घासतात," ते म्हणाले, "खालून कोण बघतं?"

मग सिंकखालची वाकडी नळी त्यांनी मलाच उघडायला लावली. बादलीत राखाडी पाणी पडलं. "ह्या वाकणात पाणी उभं राहतं, लायब्ररीबाई. तेवढंच पाणी खालच्या गटाराचा वास अडवून धरतं. नळ महिनाभर वापरला नाही की ते आटतं आणि गटार घरात येतं." मी इथल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते, म्हणून त्यांच्या तोंडी माझं नाव लायब्ररीबाई. हिवाळ्यात महिना-दोन महिने भारतात जाणारी कुटुंबं शेजाऱ्यांकडे किल्ली देतात ती झाडांना पाणी घालायला. आमच्या गावात ती काकांकडे जायची, झाडांना आणि सिंकना पाणी घालायला. डिसेंबरात त्यांच्या कोटाच्या खिशात चार-पाच घरांच्या किल्ल्या वाजत असत.

सगळ्या गावाच्या नळ्या साफ ठेवणाऱ्या ह्या माणसाला स्वतःच्या घरी मात्र कुणी जुमानत नसे. काकू दर पंधरा दिवसांनी लोणी कढवत आणि बेरीचं पातेलं सिंकमध्ये उकळत्या पाण्याने धुवत. त्यावरून होणारं भांडण मी इतक्यांदा ऐकलं आहे की दोघांची वाक्यं मला पाठ आहेत.

"गरम पाण्याने तूप जात नाही. फक्त पुढे जातं. पुढे बाहेरच्या भिंतीतली नळी, बर्फासारखी गार. तिथे ते बसतं."

"बसू दे. चाळीस वर्षं तुम्ही बसलात, तूपही बसेल."

"आधी कागदाने पुसून घे म्हणून किती वेळा सांगायचं?"

"तुम्हाला दुसरं काम काय आहे? उघडा दुपारी नळी आणि काढा."

आणि ते दुपारी नळी उघडून काढत. काकू तोवर वर चहाचं आधण ठेवत.

काकू फेब्रुवारीत गेल्या. सकाळी धडधाकट होत्या, दुपारी छातीत कळ आली, संध्याकाळी हॉस्पिटलातून काका एकटे परत आले. निखिल, त्यांचा मुलगा, सांता क्लाराहून आला, दोन आठवडे राहिला आणि गेला. मी दर शनिवारी डबा घेऊन जात असे.

एप्रिलमध्ये त्या घरात वास येऊ लागला. आधी मला वाटलं, बंद घराचा कुबट वास असेल. मग स्वयंपाकघरात गेले. सिंकच्या भोकावर एक स्टीलची ताटली पालथी घातलेली होती. ओटा कोरडा. काका त्यांचं ताट-वाटी खाली तळघरात, कपडे धुवायच्या सिंकमध्ये घासत होते.

"काका, मी काढू का नळी? तुम्हीच शिकवलंय."

"राहू दे ते."

पुढच्या शनिवारी मी पुन्हा विचारलं. ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणाले, "राहू दे म्हटलं ना."

लोक येईनासे झाले. "काकांच्या घरी बसवत नाही यार," कुणी तरी मला म्हणालं, "त्यांना स्वतःला येत नाही का वास?" त्यांना येत होता. त्या नाकाला न येणं शक्यच नव्हतं. मी असा अर्थ काढला की त्यांनी जगणंच सोडून दिलं आहे, त्यांच्यात पाना उचलायचंही त्राण उरलेलं नाही. पुस्तकांत राहणाऱ्या माणसाला अर्थ काढायची फार घाई असते.

मे महिन्यात निखिल त्यांना पंधरा दिवस घेऊन गेला. जाताना काकांनी मला किल्ली दिली. "तळघरातल्या सिंकमध्ये आणि पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पेलाभर पाणी घाल." स्वयंपाकघराचं त्यांनी नाव घेतलं नाही. विसरले, असं मला वाटलं.

दुसऱ्याच शनिवारी मी त्यांची निळी बादली काढली. त्यांनी शिकवलं तसंच सगळं केलं. आधी वीज बंद, मग झडपेची खालची बाजू, मग नळी. वाकणातलं पाणी केव्हाच आटलं होतं. आत मेणासारखा पिवळट गोळा बसला होता, त्यात बेरीचे तपकिरी कण. मी तो ब्रशने ढकलून बाहेर काढला, कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. नळी धुतली, घट्ट बसवली, पाणी सोडलं, ओट्यावर धुतलेला पंचा घडी करून ठेवला. खिडक्या उघडल्या. त्या दिवशी घरी येताना मी किती समाधानात होते हे आठवलं की आता मला बसवत नाही.

ते परत आले तेव्हा मी चहा घेऊन वाटच पाहत होते. दारातून आत पाऊल टाकताच ते थांबले. बूट न काढता स्वयंपाकघरात गेले आणि सिंकवर वाकले. खूप वेळ वाकून राहिले.

"नळी उघडलीस," ते म्हणाले.

"हो काका. म्हटलं, तुम्ही याल तेव्हा..."

"आतून निघालं ते कुठे टाकलंस?"

"कचऱ्यात."

"ट्रक येऊन गेला?"

"गुरुवारी."

त्यांनी मान हलवली. खुर्चीवर बसले, आणि मग बूट काढू लागले. एका बुटाची नाडी सोडून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी सकाळी ती तूप करत होती. पातेलं धुताना मी ओरडलो तिच्यावर. नेहमीसारखाच. ती म्हणाली, दुपारी उघडा आणि काढा." दुसरी नाडी त्यांना सुटेना. "दुपारी ते राहिलं. मग माझ्याच्याने उघडवेना."

मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"तुझी चूक नाही, लायब्ररीबाई," ते म्हणाले. "काम चोख केलंयस. मीच शिकवलं."

त्यानंतर ते आमच्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीतच बसले. रेवा आता चौदा वर्षांची आहे. तिने विचारलं, "काका, डोन्ट यू वॉन्ट टू चेक?" ते म्हणाले, "नको गं. असेल ठीक." त्यांच्या तोंडून 'असेल' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. ऑक्टोबरमध्ये ते झोपेतच गेले.

निखिलने घर विकायला काढलं आहे. पाहायला आलेली एजंट बाई खोल्यांतून फिरून म्हणाली, इतकं जुनं घर, पण कुठेही कसलाच वास नाही, तुमचं नशीब. निखिलने मला थँक यू म्हटलं आणि किल्ली माझ्याकडेच ठेवली.

दर शनिवारी मी जाते. तळघरात पेलाभर, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये पेलाभर. स्वयंपाकघरातलं सिंक शेवटी. पाणी घालण्याआधी दोन्ही हात ओट्यावर टेकवते, डोळे मिटते आणि वाकते.

काहीच येत नाही.