एकशे बारावी ओळ

आमच्या शेजारच्या गणिताच्या मास्तरांइतका संशयी माणूस अख्ख्या जव्हारात शोधून सापडायचा नाही. माणसांवर त्यांचा भारी विश्वास. अविश्वास फक्त 'तिथे ते असेलच' या वाक्यावर. मोखाड्याची जीप वर्षानुवर्षं त्यांचाच एक माजी विद्यार्थी चालवायचा, तरी आत पाय ठेवण्याआधी मास्तर विचारणार, "मोखाड्यालाच जाते ना रे?" तोही बिचारा दर वेळी "हां गुरुजी" म्हणायचा. सूर्यमाळला आम्ही मिळून एका लग्नाला गेलो, तेव्हा मास्तरांच्या पिशवीतून स्वतःचा पेला, एक बल्ब आणि विहिरीच्या तळाला पोचेल एवढा दोर निघाला. "त्यांच्याकडं दोर असंलच, असं कशाला धरून चालायचं?" दोर उत्तम होता, वैशाखातल्या त्या विहिरीत पाणी नव्हतं. पुढच्या लग्नाला मास्तर दोरासकट पाण्याचा कॅनही घेऊन आले.

आमच्या आळीत पहिला कॉम्प्युटर त्यांच्याकडेच आला, एकुलत्या एका लेकीसाठी. लेक त्यावर शिकली आणि पुण्याला इंजिनियरिंगला गेली. मशीन राहिलं मास्तरांच्या गळ्यात. मग त्यांनी पुस्तकं आणून, स्वतःशी भांडत एक प्रोग्राम लिहिला: घराची दिनदर्शिका. दर महिन्याला नवी. बोहाड्याची मुखवट्यांची सोंगं कधी, आजीचं श्राद्ध कधी, शिरपामाळाच्या वाटेवर करवंदं पिकली की नाही, सगळं त्यात. ती फ्लॉपीवर घालून, फ्लॉपी डब्यात बंद करून पोस्टाने पुण्याला रवाना व्हायची. पण प्रोग्राम लिहिला की लगेच चालत नाही. समोरच्या मशीनला कळेल असा तो आधी बांधून घ्यावा लागतो, आणि कसा बांधायचा त्याच्या सूचनांची एक फाइल सोबत द्यावी लागते. तिला स्क्रिप्ट म्हणतात. घरी होतं विंडोज, पुण्याच्या लॅबमध्ये युनिक्स. इथल्या आज्ञा तिथे कळेनात. स्क्रिप्ट अडायची आणि लेकीचा फोन यायचा, "बाबा, तिसाव्या ओळीवर अडलं." मास्तर खुर्ची फोनजवळ ओढून अर्धा तास बोलायचे, थोडं स्क्रिप्टवर, बाकी मेसच्या भाजीवर.

पुढे लेक बंगळूरला गेली, मग परदेशी. प्रत्येक मुक्कामी मशीन निराळं. मास्तरांनी स्क्रिप्टला थेट आपलाच स्वभाव लावला. काही गृहीत धरायचं नाही, आधी मशीनला विचारायचं: बाबा रे, तू कोण, तुझ्याकडे काय काय आहे, फाइली कुठे ठेवतोस? पुणं असेल तर असं, बंगळूर असेल तर तसं. स्क्रिप्ट वाढत गेली, कारण मास्तर जुनं काही काढत नसत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, पोरीची पुण्याची लॅब सुटून किती वर्षं झाली! तो भाग उडवा की आता."

"राहू दे भाऊ. परत आली तर लागंल."

आणि तेवढंच त्यांनी त्या भागाच्या डोक्यावर लिहूनही ठेवलं, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. अशी शेऱ्याची ओळ माणसांसाठी असते. मशीन ती वाचतच नाही, वगळून पुढे जातं. तिचा नंबर एकशे बारा.

असं करत करत एके दिवशी स्क्रिप्ट कुठल्याच मशीनवर अडेनाशी झाली. मास्तरांनी आळीत पेढे वाटले. मग एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. दिनदर्शिका आता ई-मेलने जायची आणि उलट एक ओळ यायची, 'चाललं बाबा, मस्त.' अडतच नव्हतं, तर पोर फोन कशाला करणार? रविवारी मास्तर उगीच फोन उचलून तो चालू आहे ना ते बघायचे. मला ते बघवेना. "एखादी बारीकशी चूक घालून ठेवा ना," मी सुचवलं. मास्तर असे तडकले, की जणू मी पेपर फोडायला सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग तुम्हीच करा फोन." तर म्हणे, "ती कामात असंल. आपण कशाला अडवायचं तिला?"

पावसाळा सरता सरता एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. फोन वाजला. मास्तरांनी सांडता कप माझ्या हातात दिला.

"अडलं? किती नंबर? एकशे बारा?"

त्यांनी पडद्यावर ती ओळ काढली. मीही वाकून पाहिलं. 'परत आली तर लागेल.' मी म्हणालो, "अहो मास्तर, ही ओळ तर मशीन..." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. त्यांचा चष्मा ओला झाला होता.

"हां गं बाय," ते फोनमध्ये म्हणाले, "ती ओळ अवघडच आहे." आणि त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली.

जव्हार सुटून मलाही आता बरीच वर्षं झाली. ठाण्याला मुलाकडे सगळं हाताशी आहे, तरी मधूनच मास्तरांची फार आठवण येते आणि मी फोन लावतो. म्हणतो, मास्तर, जरा अडलंय. काही अडलेलं नसतं, हे त्यांना पहिल्या शब्दालाच कळतं. "बोला भाऊ," ते म्हणतात, "कुठल्या ओळीवर?" आणि पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज येतो.