मावशीचा वाफा आणि माझा फ्लेक्स

पत्रक लिहायला मला आवडतं. आवडतं म्हणजे भूक लागल्यासारखं आवडतं. 'जाहीर निषेध' हे शब्द ठळक छापून हातात आले की पोट भरतं. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते लिहिताना थोडं जड जातंय, कारण ह्यात निषेध करण्यासारखी व्यक्ती मीच आहे.

झालं असं की कार्ल्याच्या फाट्याजवळ एका बांधकामवाल्याने अवाढव्य जाहिरात उभी केली. हिरवाईच्या कुशीत स्वप्नातले बंगले. ती हायवेवरून नीट दिसावी म्हणून मधल्या दोन जांभळांच्या फांद्या छाटल्या. हिरवाईची जाहिरात दिसावी म्हणून हिरवाई छाटायची! मी पत्रक काढलं, अर्ज दिले, ग्रामसभेत उभी राहिले, 'बाई, आता बसा' असं तीनदा ऐकूनही बसले नाही. शेवटी जाहिरात उतरली. माझी पहिली जीत.

आता उतरलेला फ्लेक्स मावळात कुणी फेकत नाही. गोठ्यावर, पेंढ्यावर, सरपणावर, कुठेही तो चालतो. अर्धा तालुका मागच्या निवडणुकीतल्या हसऱ्या चेहऱ्यांखाली पावसाळा काढतो. हा तर केवढा मोठा, जाड, मागून काळाभोर फ्लेक्स. मी तो गुंडाळी करून, मिरवत, शेजारच्या मावशीकडे नेला.

मावशी म्हणजे नात्याने कुणी नाही, पण लहानपणी मी तिच्या ओट्यावरच वाढले. तिची भाताची दोन खाचरं आहेत आणि इंद्रायणीचं बी ती दर वर्षी स्वतः राखते. कापणीनंतर रचलेल्या सुडीतल्या निवडक लोंब्या, पाखडून, उन्हात वाळवून, राख लावून ठेवलेलं बी. त्या साली तिने सगळं बी एकाच वाफ्यात टाकलं होतं. ह्या वाफ्यातली रोपं जगली तर दोन खाचरं भात, नाहीतर त्या वर्षी तिच्या घरचं भाताचं बी संपलं. आणि पाऊस असा झोडपत होता की कोवळे कोंब आडवे होत होते, वर चिमण्या टपलेल्या.

"मावशी, हा घे. पाऊस नाही, पाखरू नाही."

तिने फ्लेक्स उलटा-पालटा करून पाहिला. "लय भारी हाय गं. पन आत अंधार न्हाई का व्हनार?"

"अंधार कसला? बाजू उघड्या आहेत की!"

कामट्या वाकवून आम्ही कमानी केल्या आणि फ्लेक्स ताणून बसवला. बंगले वर, काळी बाजू खाली. आकाशातून जाणाऱ्या घारींना आता स्वप्नातली घरं दिसत होती. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

बारा दिवसांनी मावशीने हाक मारली. वाफ्याच्या कडेची रोपं हिरवी होती. मधली मात्र उंच, लुकडी, हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखी पिवळी. मान टाकून एकमेकांच्या अंगावर रेललेली.

"भूक लागलीय पोरांना," मावशी म्हणाली. गावाचं मत पडलं, युरिया मारा. मावशीने एक मूठ मारलीही. काही झालं नाही.

मी मात्र बांधापलीकडे पाहिलं. तिथे एक रिसॉर्ट आहे. त्याच्या धुलाईचं पाणी पाटात येतं, पाटावर पांढरा फेस तरंगतो. सापडला! दुसरा गुन्हेगार शोधायची गरजच नव्हती. कडेची रोपं हिरवी का आणि मधलीच पिवळी का, हा प्रश्न माझ्यासमोर उभा होता, पण मी त्याला बसायला सांगितलं. घरी जाऊन एका बैठकीत पत्रक लिहिलं: 'साबणाचं पाणी, भाताची माती!' कामशेतला छापून आणलं.

वाटण्याआधी पुरावा हवा, एवढी अक्कल होती. शाळेत एक प्रयोग शिकवला होता. शिकवला म्हणजे फळ्यावर लिहून दिला. पान उन्हात स्वतःचं जेवण करतं, त्याचं पिष्ट होतं, पिष्टावर आयोडीन टाकलं की निळं-काळं होतं. परीक्षेला दोन मार्कांचा प्रश्न. चारी बाजूंनी भातशेती असलेल्या शाळेत आम्हाला एकदाही पान तोडून दाखवलं नाही, ह्याचा राग मला आजही येतो.

मी ठरवलं, सगळ्यांसमोर करायचं. फाट्यावर चाचांची चहाची टपरी आहे, तिथे गरम पाणी कायम. चाचांनी मला चहा पाजून पाजून इतक्या मोर्चांना पाठवलंय की त्यांना अर्धा कार्यकर्ता म्हणायला हरकत नाही. मावशीच्या वाफ्यालगतच्या कुंपणावर घेवड्याचे वेल होते. भाताचं पान ह्या प्रयोगाला तितकं सोयीचं नाही, घेवड्याचं चांगलं. एक पान हेरलं पाटाकडच्या वेलाचं, जिथे साबणाचा फेस अगदी मुळाशी लागतो. दुसरं हेरलं पलीकडच्या वेलाच्या त्या टोकाचं, जे फ्लेक्सखाली शिरलं होतं. तिथे फेस पोचत नाही, म्हणजे ते निरोगी पान. ते जरा फिकं होतं खरं, पण मला वाटलं कोवळं असेल.

उघडीप मिळायला चार दिवस थांबावं लागलं. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं, मी दोन्ही पानं तोडली आणि दुपारी टपरीवर आठ-दहा माणसं जमली. मावशी पदर खोचून सगळ्यांत पुढे. रिसॉर्टचे मॅनेजरही आले होते, मीच बोलावलं होतं. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा.

पानं उकळत्या पाण्यात बुडवली. मग चाचांना स्टोव्ह बंद करायला लावला, कारण स्पिरिट पेट घेतं. मेडिकलमधून आणलेलं स्पिरिट पेल्यात, पेला गरम पाण्याच्या पातेल्यात, पानं पेल्यात.

"ही कसली रेसिपी?" चाचा म्हणाले. "घेवड्याची दारू?"

स्पिरिट हिरवं झालं, पानं पांढुरकी. मी भाषण सुरू केलं. "पान म्हणजे चूल आहे. मुळांतून पाणी, हवेतून कार्बन डायऑक्साइड, आणि सरपण म्हणजे ऊन. त्यातून साखर होते, प्राणवायू बाहेर पडतो. माती झाडाला जेवण देत नाही, मीठ-मसाला देते. युरिया हाही मसालाच. आता बघा, साबणाच्या पाण्याने ही चूल कशी विझते!"

पानं धुऊन ताटलीत ठेवली. दोन्हींवर आयोडीन.

पाटाकडचं पान आधी तपकिरी, मग जांभळट, मग शिरांच्या मधून निळं-काळं झालं. पोटभर जेवलेलं पान. दुसरं, माझं निरोगी पान, तसंच पिवळट राहिलं. मी आणखी दोन थेंब टाकले. तरी पिवळट. जणू त्याला पिष्ट हा शब्दच माहीत नव्हता.

मॅनेजर वाकून म्हणाले, "मॅडम, आमच्या बाजूचं काळं झालंय. म्हणजे आम्ही पास की नापास?"

चाचांनी तोंडावर फडकं धरलं होतं, पण खांदे हलत होते.

मी ताटलीकडे बघत राहिले आणि त्या दिवशी बसवून ठेवलेला प्रश्न आपणहून उठला. कडेची हिरवी. मधली पिवळी. कडेला ऊन पोचतं. मध्ये, माझ्या पहिल्या जीतीखाली, पोचत नाही. आधीच मावळातला पावसाळा, ऊन पाहुण्यासारखं येतं. आलेल्या पाहुण्याला मी दारातून परत पाठवलं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "चूल साबणाने नाही विझली. सरपण मी अडवलंय."

"म्हंजी त्यो फ्लेक्स?"

"व्हय."

"मी इचारलं न्हवतं का तुला, अंधार न्हाई का व्हनार?"

"विचारलं होतंस."

"आन् तू काय म्हनालीस?"

"बाजू उघड्या आहेत."

"तुझ्या डोक्याच्या बाजू उघड्या हायत," असं म्हणून मावशी चालायलाच लागली. आम्ही सगळे तिच्या मागे, चाचासुद्धा टपरी तशीच टाकून. तिने विळ्याने दोऱ्या कापल्या. फ्लेक्सचं एक टोक मी धरलं, एक मॅनेजरांनी, आणि ते हिरवाईच्या कुशीतले बंगले आम्ही बांधावर उलथून टाकले. पिवळ्या रोपांवर ऊन पडलं. पुढचे दोन दिवस मी दर तासाला जाऊन बघत होते. मावशी म्हणायची, "बघून बघून नजर लागंल."

तिसऱ्या दिवशी पोपटी झाक आली. सातव्या दिवशी खरा हिरवा. काही रोपं गेली, पण बरीच उभी राहिली, मान वर करून. हवा, पाणी आणि ऊन, एवढ्यावर. मी इतक्या सभा केल्या, पण वरून कुणी काही न देता स्वतःचं स्वतः उभं राहिलेलं इतकं मोठं आंदोलन मी पाहिलेलं नाही.

पत्रकं रद्दीत घातली नाहीत. मागच्या कोऱ्या बाजूवर हाताने लिहिलं, 'पुढचं खोटं आहे. वाफा मीच झाकला होता. रोपावर फ्लेक्स घालू नका, ऊन येऊ द्या.' टपरीवर, बसथांब्यावर, ग्रामपंचायतीत स्वतः वाटलं. माझ्या आजवरच्या पत्रकांत हे सर्वांत जास्त वाचलं गेलं. पाटातल्या फेसाचा अर्ज नंतर वेगळा दिला, त्यात भाताचं नावही घेतलं नाही. आणि तो फ्लेक्स आता मावशीच्या गोठ्यावर आहे. म्हशीला स्वतःचं जेवण स्वतः करावं लागत नाही, त्यामुळे ती खूश आहे.

आवणीच्या, म्हणजे रोपं उपटून खाचरात लावायच्या दिवशी मीही चिखलात उतरले. चिखल पोटरीपर्यंत, पाठीवर पाऊस. मावशीने रोपांच्या जुड्यांचा भारा बांधावर टाकला आणि मोजणाऱ्या नजरेने दोन्ही खाचरं पाहिली. मी मागून विचारलं,

"पुरतंय का गं?"

ती वाकली, चार रोपांची पहिली चूड चिखलात खोचली, दुसरी खोचली, मग तशीच वाकून म्हणाली, "दोन्ही भरतील. वरच्या कोपऱ्यात चार हात रिकामं ऱ्हाईल."

"तिथे काय लावायचं?"

"घेवडा," मावशी म्हणाली. "तुला परयोगाला पुढल्या साली बी पानं लागतीलच की."