एका धक्क्यात दोन प्रोसेसर

जळगावातल्या आमच्या घरात कॉम्प्युटर उघडायला मला कायमची बंदी आहे. ही बंदी बायको, मेहुणा आणि सासूबाई यांनी एकमताने घातली. मीही बाजूनेच मत दिलं!

झालं असं. धुळ्याच्या माझ्या मेहुण्याने, दिलीपने, नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुन्यातला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, आम्हाला आणून दिला.

"भाऊजी, सहा कोअरचा आहे. एका वेळी दहा कामं करतो!"

"आमचा चारच कोअरचा आहे, पण पळतो!" मी म्हणालो. (कोअर म्हणजे त्या मेंदूतले कामकरी. दोन्ही प्रोसेसरचं वय असं, की नुसते चालले तरी पुष्कळ.)

माझी बायको वर्षा दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. तिला दहा कामंवाला हवा होता. मला गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा असतो (वय सत्तेचाळीस, कृपया हसू नये), म्हणून मला पळणारा हवा. मी जाहीर केलं, "दोन्ही आळीपाळीने बसवून बघू!"

"अहो, चार वाजता माझा क्लास आहे. परीक्षेआधीचा शेवटचा!"

"आत्ता कुठे तीन वाजलेत. दहा मिनिटांचं काम!"

प्रोसेसरवर त्याला गार ठेवणारा पंखा असतो. तो मी ओढला. हलेना. पाय रोवून ओढला. पंखा सुटला, त्याला चिकटून आमचा प्रोसेसरही मुळासकट आला, आणि ते सगळं लटांबर हातातून निसटून टेबलावर उताणा ठेवलेल्या दिलीपच्या प्रोसेसरवर आदळलं! या प्राण्याच्या पोटाखाली केसासारखे बारीक, नऊशेहून जास्त पाय असतात. दोघांचेही वाकले. तुलनेचा पहिला निकाल: बरोबरी!

"भाऊजी, धुळ्याहून मांडीवर ठेवून आणला होता मी!" दिलीप कळवळला.

वर्षा घड्याळाकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. (नवरे मंडळींना यातलं गांभीर्य कळेल.)

शिरपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई, अक्का, खिडकीशी काळ्या मण्यांची पोत ओवत बसल्या होत्या.

"काय व्हयनं, जवाईबापू?"

"अक्का, याचे पाय वाकले. संपलं सगळं."

"दखू द्या." त्यांनी प्रोसेसर उजेडात धरला. "वाकनात ना? तुटनात तं नही?"

"नाही."

"मंग रडतस काब्र?" (काब्र म्हणजे कशाला.)

आणि पोत ओवायची ती सुई घेऊन अक्का कामाला लागल्या. आम्ही तिघं श्वास रोखून बघत होतो. एकेक पाय सुईच्या टोकाने हलकेच उचलायच्या, शेजारच्या पायांच्या ओळीत आणून उभा करायच्या. बोट जरासुद्धा थरथरत नव्हतं. मध्येच त्यांच्या असोद्याच्या बहिणीचा फोन आला. तो खांद्याशी धरून भरताच्या वांग्यांवर सविस्तर चर्चा झाली, पण सुई थांबली नाही! दोन्ही प्रोसेसरचे बठ्ठे, म्हणजे सगळेच्या सगळे, पाय शाळेतल्या रांगेसारखे सरळ. मी सासूबाईंच्या पाया पडलो. (लग्नानंतर पहिल्यांदाच कोणी न सांगता.)

"हाई यंतर काय करस, ते मात्र माले समजनं नही," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा पोत ओवू लागल्या.

चारला पाच मिनिटं असताना दिलीपने सहा कोअरवाला बसवला. (मला दोन हात लांब उभं केलं होतं.) पडदा उजळला. वर्षाने "नमस्कार मुलांनो!" म्हटलं, तेव्हा कुठे मी बसलो.

पुढच्या रविवारी दिलीपनेच दोन्ही आळीपाळीने बसवून दिले आणि माझी तुलना पूर्ण झाली. चार कोअरवर मी शर्यत अगदी वेगात हरतो. सहा कोअरवरही हरतोच, पण तेवढ्या वेळात मागे वर्षाचे गणिताचे व्हिडिओ इंटरनेटवर चढत असतात. म्हणजे घरातलं कोणीतरी पुढे जातं!