आबांचं चालणं

तारीख – ९ जानेवारी १९९४, रविवार, दुपार. ठिकाण – आमचं सिडकोतलं घर, पुढची खोली. हजर – माझे सासरे आबा (खाटेवर), त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे आमचे काका (खुर्ची दिली तरी जमिनीवर), माझे यजमान, आणि मी.

असं मांडून लिहायची मला सवय आहे. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. आलेला माल, गेलेला माल आणि शिल्लक यांचा मेळ बसला नाही की मला घास उतरत नाही. करणी, बाहेरचं, लागिर... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. ‘आजही मानत नाही’ असं पुढं लिहिणार होते, पण तसं लिहिण्याआधी घडलं ते सांगते.

आबांचा जन्म मेंढरांमागे गेला. सिल्लोडच्या बाजूला आमची वस्ती, मेंढरं दोघा भावांची एकत्र. उजवा गुडघा पार झिजला तेव्हा यजमानांनी त्यांना मुंबईला नेलं. गुडघा बदलतात हे तोवर आमच्या वस्तीवर कुणी ऐकलंही नव्हतं. दवाखान्यात सोबतीला काका राहिले. भावाचं सगळं केलं त्यांनी, अगदी लघवीचं भांडं देण्यापर्यंत. त्याबद्दल मी त्यांना नावं ठेवणार नाही.

यजमानांना वाटे, आबांनी आता शहरात बसून खावं. आबांनी मात्र ऑपरेशनच्या आधीच बजावलं होतं की गुडघा हवाय तो मेंढरांमागे जायला.

तर त्या रविवारी चहा पिता पिता काका म्हणाले, शिमग्याला मेंढरं वाटून घेऊ. कुणाची हरकत नव्हती. मग बशी खाली ठेवून म्हणाले, “इद्यापीठाचं नाव बदलायलेत म्हणं. तुजा गुडघाबी बदलला. चांगलं झालं. आता चालत ये, अन् निम्मी घेऊन जा.”

“अन् नाय आलो तर?”

“तर ज्याचे पाय मेंढरामागं, त्याची मेंढरं. बाप हेच सांगून गेला नव्हता व्हय?”

आबा हसून म्हणाले, “येतो की.” त्यांच्या बापाचा शब्द खरंच तसा होता, म्हणून यजमानांना मध्ये बोलता येईना.

मी कामाला लागले. भिंतीवर टाइमटेबल लावलं – व्यायाम, दूध, अंडी, वॉकर धरून पुढच्या खोलीपासून मोरीपर्यंत. जखम सुकली होती, गुडघा हवा तितका वाकत होता. फक्त थकवा जाईना. न्याहारीपर्यंत माणूस बरा असायचा, आणि ऊन चढलं की खाटेवर पडल्यापडल्या दम लागायचा. पोटऱ्या दगडासारख्या. संध्याकाळी कपाळावर घाम वाळून मीठ धरलेलं असायचं... आणि दिवसभर जागचे हललेले नसायचे.

क्रांती चौकाजवळच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले की एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर कित्येक महिने थकवा राहतो, घाई करू नका. मला पटलं. आबांनाही समजावून सांगितलं. त्यावर ते म्हणाले, “डाक्टरचं खरं हाय, सूनबाई. पर दिसभर चालल्यावर माणूस दमंल नाय तर काय व्हईल?”

आजारी माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं.

मग विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस आले. कुठे गुलाल, कुठे दगड, चौकाचौकात पोलीस. यजमानांची वाळूजची बस बंद, मीही घरी. आणि नेमके त्याच दिवसांत आबा खडखडीत! वॉकर कोपऱ्यात ठेवून काठीवर रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आले. भाकरी मागून घेतली. माझं टाइमटेबल मेंढरांनाही लाव, दुप्पट लोकर देतील, अशी थट्टा केली. शिमग्याला नक्की पोचतो म्हणाले. मी गोळ्यांना श्रेय दिलं.

रस्ते मोकळे झाले त्या दिवशी दुपारी ते मोरीच्या दारातच खाली बसले. उचलून खाटेवर आणावं लागलं.

संध्याकाळी यजमानांना वस्तीवरचं कुणी भेटलं होतं. त्याच्याकडून कळलं की पोलिसांनी रस्ता अडवल्यामुळे काकांची मेंढरं फुलंब्रीजवळ एका रानात अडकून पडली होती, ती आज निघाली. मी भांडी घासत होते. हात थांबला. मग पुन्हा घासायला लागले.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी उन्हं चढत असताना आबा डोळे मिटून पुटपुटले, “आळंद गेलं मागं. बसंना ह्यो कुठं.” कोण बसेना, असं विचारलं तर कुशीवर वळून त्यांनी पाय पोटाशी घेतले. शंका असली की ती जागेवर जाऊन खोडून टाकावी हा माझा स्वभाव. पिशवी उचलली आणि आळंदवरून जाणारी जळगाव रस्त्याची एस.टी. धरली.

मेंढरं आळंदच्या पुढेच होती.

बरगड्या मोजाव्यात अशी झालेली. दोन कोकरं मागे पडून ओरडत होती, त्यांना कुणी उचलत नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस वेचून झालेली रानं मोकळी पडलेली. एक शेतकरी बांधावरून हाका मारत होता – खतासाठी माझ्या रानात बसवा, ज्वारी देतो. असं आवतण मेंढपाळ सोडत नाही. काका नुसता हात हलवून पुढे चालले. आणि सगळ्यांच्या पुढे जो एडका, म्हणजे नर मेंढा होता, त्याच्या गळ्यात घंटेच्या जागी घोंगडीच्या तुकड्याची शिवलेली पुरचुंडी होती.

“कसा हाय भाऊ?” काकांनी चालता चालताच विचारलं. “दमतोय व्हय?”

गळ्यात काय आहे, असं मी विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. आबांच्या गुडघ्याचं कापून काढलेलं हाड होतं ते. आमच्यात अंगाचं काही टाकत नाहीत, गावी नेऊन पुरायचंय, असं सांगून दवाखान्यातल्या माणसाकडून मागून घेतलेलं.

“मग पुरलं का नाही?”

“पुरलं असतं तर निजला असता त्यो गुडघा.” बाजारभाव सांगावा इतक्या साधेपणानं बोलले. “अन् निजला असता तर भाऊ शिमग्याला आला असता चालत.”

मी म्हणाले, असलं काही मी मानत नाही, पण तुम्ही मानता ना, मग सोडा ते आधी.

“तू मानत नाय,” काका म्हणाले, “तर मंग ऱ्हाऊ दे की. तुजं काय बिघडतंय?”

मी पिशवी टाकून एडक्याच्या मागे धावले, त्याची शिंगं काही हाताला लागली नाहीत. काकांनी शीळ घातली आणि सगळी मेंढरं पळायला लागली.

घरी आले तेव्हा आबांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, यजमान तेल चोळत बसले होते. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. आबांनी एवढंच विचारलं, “एडकाच हाय ना पुढं?”

पोलिसांत जायचा विचार झाला. पण लिहून काय देणार?

शिमग्याला यजमानांनी जीप केली. सिल्लोडच्या पुढे मेंढरं दिसली तशी आबांनी जीप थांबवली. शब्द चालत येण्याचा होता. धुतलेलं धोतर नेसून, काठी टेकत ते निघाले. नवा गुडघा झकास वाकत होता. वस्तीवरची माणसं कडेला उभी राहून बघत होती. काकांनी मान वळवून पाहिलं. थांबले नाहीत, घाईही केली नाही, होती तीच चाल.

आबांनी पाऊल उचललं की चेहरा पिळवटायचा. मी हात धरला तर म्हणाले, “मी पुढंबी चालायलोय अन् मागंबी, सूनबाई.” मग काकांना हाक मारली, “म्हादू, जरा थांब.”

काकांनी मागे पाहिलं नाही. “थांबू कसा, भाऊ? तुजाच गुडघा वढतोय समद्यांना.”

कुणीतरी हसलं. यजमान धावत पुढे गेले, काकांची गचांडी धरली. काका म्हणाले, मी अडवलंय का त्याला? येऊ दे की. तोवर आबा धुळीत बसले होते. मेंढरं वळणाआड गेली, तेव्हाही बसलेलेच होते. आम्ही दोघांनी उचलून त्यांना जीपमध्ये घातलं.

मेंढरं काकांची झाली. आता ती धष्टपुष्ट आहेत म्हणे, बोलावलं त्या रानात बसतात. एडका काकांनी पुढच्याच बाजारी विकला, पुरचुंडीसकट. का, असं यजमानांनी विचारलं तर म्हणाले, काम झालं त्याचं. घेणारा कुठला, ते त्यांनाही ठाऊक नाही.

डॉक्टर म्हणतात गुडघा उत्तम, रिपोर्ट नॉर्मल, थकवा वयाचा. माझ्याजवळ याहून चांगलं स्पष्टीकरण नाही. पण आबा रोज संध्याकाळी एखाद्या गावाचं नाव घेतात. पूर्वी ती नावं आमच्या ओळखीची असायची. आता नकाशात शोधावी लागतात... आणि सापडतात.

म्हणून वाचकांना विनंती. एडका काळा आहे, डावं शिंग टोकाला मोडलेलं, गळ्यात पुरचुंडी. दिसला तर धरायला जाऊ नका, पळेल. चारा टाकून तेवढा एक दिवस त्याला बसवून ठेवा आणि हे छापणाऱ्या या मासिकाकडे कळवा. हाड सोडवून पुरायचं काम माझ्याकडे आहे. ते अजून व्हायचंय.